डावऱ्या हाताचे घाव

कायतान तारवावरून कायमचा परतला
त्या वर्षी त्याच्या एका डोळ्यात मोती उतरला होता.
रिवणच्या चढावर बसची वाट बघताना म्हणाला,
"तुमच्या त्या व्हंवरीत घेऊन चल एकदा.
चीनमध्ये एक बघितलीय, तिच्याशी ताडून बघतो."

तेहतीस वर्षं बटलर.
एकदा इंजिनाचा कसलासा भाग येईना म्हणून
जहाज सतरा दिवस गोदीत.
बंदरामागे डोंगर, डोंगराला कडा,
कड्यात कोरलेले म्हातारे.
"देव न्हय रे, म्हातारेच. ताओ का काय म्हणतात, त्यांचे.
एक कासवावर बसलाय, एकाच्या मांडीवर भोपळा,
एक नुसताच हसतोय, कानाची पाळी खांद्याला टेकलेली.
आमच्या इगर्जीतला प्रत्येक संत काहीतरी सोसत असतो.
ह्यांचं काहीच दुखत नव्हतं.
मला आधी रागच आला."

शेवटच्या कोनाड्यातल्याला तोंड नव्हतं.
दाढी होती, हातात पंखा होता,
दाढीच्या वर गुळगुळीत, झिजलेल्या साबणाच्या वडीसारखं.
कुणी फोडलं? कायतानने हातोडीची खूण करून विचारलं.
झाडणाऱ्या बाईने मान हलवली,
थर्मासातला चहा बुचात ओतला
आणि बूच त्या नसलेल्या तोंडावर रिकामं केलं.
वर झरा होता. थेंब, थेंब.
किती वर्षं, ते तिने बोटांवर दाखवलं.
"मी मोजायला चुकलो," कायतान म्हणाला.

आमच्या व्हंवरीत कोणी बसलेलं नाही.
चिऱ्याच्या दगडात नाक टिकत नाही, वडील म्हणायचे.
डोळा कोरायला जावं
तर डोळ्याच्या जागी आधीच एक भोक.
म्हणून असेल, इथल्यांनी तोंडांचा नाद सोडला
आणि बसायची जागा तेवढी कोरली:
एक ओटा, पणतीपुरता कोनाडा,
खाली पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

कायतान वाकून आत शिरला.
मी बॅटरी धरली, ती त्याने विझवायला लावली.
वाघळं हलली. ओल्या लोखंडाचा वास.
मग भिंतीवरून फिरणारा त्याचा तळहात
सुपात तांदूळ सरकावेत तसा ऐकू येत राहिला.
बराच वेळ.

"डावरा," तो म्हणाला.
"कोण?"
"हा कोरणारा. घाव बघ कुठून कुठे उतरतात.
तिकडे त्या तोंड नसलेल्याच्या पाठीमागे असेच होते,
घासून घ्यायचा कंटाळा केलेले."

मी हात लावला.
डावीकडून खाली उजवीकडे, चार-चार बोटांवर.
माझे वडील डावरे.
खणीवर मुकादम त्यांना कडेला उभं करायचा,
शेजाऱ्याच्या पिकासाला त्यांचा पिकास लागतो म्हणून.
घरात देवासमोर नैवेद्याचं ताट
आईने त्यांच्या हाती कधी दिलं नाही.
हे मी कायतानला सांगितलं, पण त्याला ऐकू गेलं नसावं.
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
तो शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला होता,
बारके मासे टाचा टोचत होते
आणि अंधारात तो हसत होता.

परतताना खणीवरून आलो. बंद पडून वीस वर्षं झाली.
खाली यंत्राच्या सरळ रेघा, वहीसारख्या.
त्यांच्या वर, दोन पुरुष उंचीवर, एका कोपऱ्यात
घाव उलटे उतरतात. त्यांत नेचे उगवलेत.
तळाशी हिरवं पाणी, त्यावर एक चेंडू,
तीन मुलं काठीने तो ओढू बघत होती.

कायतानने आपला बरा डोळा बारीक केला.
"इथे कोण बसायचं होतं?"
"कोणी नाही. चिरे काढले. घरांना गेले."
"तुमच्याही?"
"आमचं मातीचं."

त्यावर तो काही बोलला नाही.
काठी पुरत नव्हती.
त्याने एक खडा उचलून चेंडूच्या पलीकडे टाकला,
लाट आली, चेंडू थोडा अलीकडे सरकला.